दुबईचा बाप आणि तहसीलचा दाखला



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या कॅम्पात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी बाप खोलीखोलीत मिठाई वाटतो. मग चार-आठ दिवसांनी तोच बाप व्याजाने पैसे देणाऱ्याच्या खोलीबाहेर उभा दिसतो. महिना शेकडा तीन रुपये. दीड लाख उचलले की महिन्याला ४,५०० रुपये नुसतं व्याज, म्हणजे वर्षाला ५४,०००. मुद्दल जिथल्या तिथे. आणि हे फक्त पहिल्या वर्षाच्या फीसाठी. इंजिनिअरिंगची चार वर्षं असतात.

त्याच मुलासाठी किंवा मुलीसाठी सरकारची फी सवलत असते, शिष्यवृत्ती असते, कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज असतं. त्याचा अर्ज भरलेलाच नसतो. का, म्हणून विचारलं की उत्तर एकच. "साहेब, आम्हाला कोण देणार? गावात सगळे म्हणतात, बाप दुबईला आहे."

मला या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आपल्याला, एक सरकारला. आपल्याला हे, की ही मदत उत्पन्नावर मिळते, पत्त्यावर नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं खरं उत्पन्न तिच्या मर्यादेत बसतं. तेव्हा खरं उत्पन्न लिहा आणि हक्काने मागा. आणि सरकारला हे, की आम्ही पाठवलेला पैसा तुम्ही दरवर्षी मोजता, पण आमच्या मुलांच्या अर्जावर आमचं उत्पन्न कसं मोजायचं याची सोय अजून केलेली नाही. ती करा.

दिरहमचा हिशेब आधी कागदावर मांडा

"परदेशात आहे म्हणजे एनआरआय, आणि एनआरआय म्हणजे श्रीमंत" हा गैरसमज गावात आहे, कॉलेजच्या खिडकीवर आहे आणि आपल्या डोक्यातही आहे. कॉलेजात एनआरआय कोटा नावाची वेगळी भानगड असते, तिथे फी जबर असते. आपला मुलगा त्या कोट्यातून जात नाही. तो गावच्या शाळेत शिकला, महाराष्ट्राचा रहिवासी आहे, सीईटी देऊन केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, कॉलेजात गेला. त्याच्यासाठी प्रश्न एवढाच की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती.

मग उत्पन्न काढू. दिरहम २४ रुपये धरा. हेल्परचा पगार १,२०० दिरहम असेल तर महिन्याला २८,८०० रुपये, वर्षाला ३,४५,६००. स्टील फिक्सर किंवा शटरिंग सुतार ओटी धरून १,८०० कमावत असेल तर वर्षाला ५,१८,४००. फोरमन २,७०० घेत असेल तर ७,७७,६००. घरची शेती किंवा बायकोची कमाई असेल तर ती यात मिळवायची.

आता महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी फी सवलत बघा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख आहे. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी आणि निम्मी परीक्षा फी त्यात येते, कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना, म्हणजे आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला.

म्हणजे वर सांगितलेले हेल्पर, फिक्सर, फोरमन, तिघेही मर्यादेत बसतात. काही लपवायची गरज नाही. माझा स्वतःचा पगार ४,००० दिरहम आहे, वर्षाचे साडेअकरा लाख होतात, मी बसत नाही. ते ठीक आहे, गरज बघून मदत म्हणतात ती हीच. पण माझ्या हाताखाली जे सत्तर-ऐंशी जण काम करतात त्यातले जवळपास सगळे बसतात, आणि त्यातल्या किती जणांनी अर्ज भरला हे विचारलं तर बोटावर मोजण्याएवढे.

दाखल्याचं कोडं

अर्ज अडतो कुठे? उत्पन्नाच्या दाखल्याशी.

दाखला तहसीलदार देतो. अर्ज सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. सोबत तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, रेशन कार्ड. नोकरदाराला फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला मागतात, शेतकऱ्याचा सातबारा बघतात. आपला फॉर्म १६ येणार कुठून? अनिवासी माणसाच्या इथल्या पगारावर भारतात आयकर नाही, त्यामुळे रिटर्नही बहुतेक जण भरत नाहीत. खिडकीवरच्या माणसाला मग आपल्याला कुठल्या रकान्यात बसवायचं हे कळत नाही.

अशा वेळी दोनपैकी एक होतं. पहिलं, वहिनींना परत पाठवतात. "वडील बाहेर आहेत ना? मग त्यांना येऊ दे." वडिलांची सुट्टी दोन वर्षांनी एकदा, तीही पावसाळ्याआधी. फॉर्मची तारीख तोवर थांबत नाही. दुसरं, एजंट म्हणतो, "दुबईचं लिहूच नका. फक्त शेतीचे साठ हजार दाखवू. तीनशे रुपये द्या." दाखला दुपारपर्यंत हातात.

हा दुसरा रस्ता धरू नका. मी इथे नीतीचे धडे द्यायला बसलेलो नाही, पण स्वयंघोषणापत्रावर सही करणारी आपली बायको असते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर नाव आपल्या मुलाचं असतं. महाडीबीटीच्या अर्जात वडील हयात आहेत का, नोकरी करतात का, काय करतात हे विचारतात. तिथे एक, दाखल्यात दुसरं आणि बँकेच्या खात्यात दर महिन्याला दुबईहून येणारी रक्कम तिसरंच सांगत असेल, तर कधीतरी कोणीतरी ते एकत्र ठेवून बघणार. पकडलं गेलं तर पैसे वसूल होतात, प्रवेश धोक्यात येतो, आणि भोगायचं मुलाने. साडेतीन लाखांचं खरं उत्पन्न ८ लाखांच्या मर्यादेत आरामात बसत असताना साठ हजारांचं खोटं कशाला?

खरं दाखवायचं तर कागद हवेत. ते इथूनच तयार होतात. कंपनीच्या एचआरकडून किंवा पीआरओकडून सॅलरी सर्टिफिकेट घ्या, त्यावर नाव पासपोर्टप्रमाणे, हुद्दा, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, शिक्का आणि सही. अमिरातीत पगार डब्ल्यूपीएसमधून म्हणजे बँकेमार्फत होतो, त्याचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं स्टेटमेंट काढा. लेबर कॉन्ट्रॅक्टची प्रत, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, गावच्या एनआरई खात्याचं स्टेटमेंट. हा गठ्ठा मे महिन्याच्या आत घरी पोहोचलेला असावा. तलाठ्याकडे जाताना वहिनींच्या हातात तो असला की "त्यांना येऊ दे" म्हणायला जागा उरत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, पण यात मी सगळ्यात जास्त अर्ज अडकलेले बघितले. मुलाच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर. तो बहुतेक वेळा बापाचं जुनं भारतातलं सिमकार्ड असतं. आपण इथे आलो, रिचार्ज केला नाही, नंबर बंद पडला, पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. आता अर्जाचा ओटीपी तिकडे जातो. शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग असते. तेव्हा दहावीचा निकाल लागतानाच मुलाच्या आधारवर त्याचा स्वतःचा चालू नंबर चढवा, आणि त्याच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. शिष्यवृत्तीचा पैसा थेट त्या खात्यात येतो, बापाच्या एनआरई खात्यात येत नाही.

कोणासाठी काय आहे

सगळ्या योजना इथे सांगत बसलो तर लेख संपणार नाही. मुख्य तेवढ्या सांगतो.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, मर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न गेलं तरी फी माफीची वेगळी योजना आहे, ती विचारा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी रक्कम मिळते, तिलाही अडीच लाखांची अट आहे. ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या योजना महाडीबीटीवरच आहेत. तिथे जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर लागतं. नॉन क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, एक काढला म्हणजे दुसरा झाला असं समजू नका. कोकणातल्या मुस्लिम भावांसाठी आणि इतर अल्पसंख्याकांसाठी राज्याची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आतल्या घरातल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आणि एक खास आपल्यासाठीची. परराष्ट्र मंत्रालयाची परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे. तिच्या १५० जागांपैकी ५० जागा आखाती देशांसारख्या इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या देशांतल्या कामगारांच्या मुलांसाठी राखलेल्या, त्यातल्या एक तृतीयांश भारतातच शिकणाऱ्यांसाठी. सगळ्या देशातून पन्नास, म्हणजे समुद्रात खसखस. तरी यंदाची जाहिरात दूतावासात विचारा आणि अर्ज टाका.

पैसे उशिरा येतात, हे खरं आहे. एक वर्षाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी खात्यात पडते असं होतं. अर्जाचं नूतनीकरणही दरवर्षी करावं लागतं. अर्जात त्रुटी निघाली तर तो परत येतो, आणि तो परत आलाय हे मुलाने स्वतः पोर्टल उघडून बघायचं असतं. महिन्यातून दोनदा लॉगिन करायची सवय लावा.

कर्ज घ्यायचं तर बँकेचं घ्या

फी सवलत मिळाली तरी वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप राहतातच. तिथे कर्ज लागतं. आपल्या लोकांना कर्जाची भीती नाही. इथे यायलाच आपण एजंटला कर्ज काढून पैसे दिले. भीती बँकेची आहे.

शैक्षणिक कर्जाचे साधारण नियम असे. चार लाखांपर्यंत तारण नाही. साडेसात लाखांपर्यंतही केंद्राच्या पत हमीखाली तारणाशिवाय देता येतं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. फेड पुढे पंधरा वर्षांपर्यंत. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो, म्हणजे ब्रँच मॅनेजरने तोंडी "होत नाही" म्हणून परत पाठवलं असं होत नाही, अर्जाची नोंद राहते.

आता सरकारची मदत कुठे येते ते बघा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि नॅक किंवा एनबीए मान्यता असलेल्या ठिकाणी तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर शिक्षणाची वर्षं अधिक एक वर्ष एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. २००९ पासून ही योजना आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि ८ लाखांच्या आतल्या मुलांना त्यात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तर ही मिळत नाही.

व्याजाची सवलत म्हणजे किती, हे हिशेबाने बघा. दरवर्षी दीड लाख, चार वर्षांत सहा लाख कर्ज. सरळव्याजाने १० टक्के धरले तर पहिल्या वर्षी १५,०००, मग ३०,०००, ४५,०००, ६०,००० आणि शिक्षणानंतरच्या वर्षाचे ६०,०००. एकूण २ लाख १० हजार. एवढी रक्कम सरकार भरतं, फक्त उत्पन्नाचा दाखला वेळेवर बँकेत दिला तर. बहुतेक ब्रँचमध्ये हे कोणी आपण होऊन सांगत नाही. कर्ज मंजूर होतानाच लेखी विचारायचं, "व्याज अनुदानासाठी माझं नाव पाठवणार का?"

आपली अडचण अशी, की आई-वडिलांपैकी एकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. वडील इथे. शक्य असेल तर आईला सहकर्जदार करा. बँक वडिलांवरच अडली तर मुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते इथे भारतीय वकिलातीत स्वतः हजर राहून साक्षांकित करायचं, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर कागद कपाटात पडून वाया जातो. मुखत्यारपत्र फक्त या कर्जापुरतंच करा. जमीन-घराचे सगळे अधिकार एका कागदात कोणाच्या नावे लिहून देऊ नका, तो भाऊ असला तरी.

पगार तोच, पण कागदावर श्रीमंत

इथवर आपल्या कामाचं झालं. आता सरकारकडे वळतो.

साडेचार लाखांची मर्यादा २००९ साली ठरली. आजही तीच आहे. २००९ साली दिरहम १३ रुपयांच्या आसपास होता. तेव्हा १,६०० दिरहम कमावणाऱ्या फिक्सरचं वर्षाचं उत्पन्न रुपयांत झालं अडीच लाख. आज तेच १,६०० दिरहम २४ रुपयांनी ४,६०,८०० होतात. म्हणजे तेवढ्याच दिरहमवरचा माणूस तेव्हा गरजू होता, आज नाही. त्याने जास्त काय केलं? काहीच नाही. फक्त रुपया घसरला. इथलं भाडं वाढलं, जेवण वाढलं, तिकडे कॉलेजची फी दुप्पट-तिप्पट झाली. आणि अडीच लाखांच्या मर्यादेचं तर बोलूच नका. महिना ८७० दिरहमच्या वर पगार गेला की तिथून बाहेर. कुठल्याही कॅम्पात विचारा, हेल्परसुद्धा त्यातून बाहेर पडतो.

शिवाय तहसीलचा दाखला पगार बघतो, त्या पगारासाठी आपण काय मोजतो ते बघत नाही. दोन घरं चालवायची, एक इथलं, एक तिकडचं. येण्यासाठी काढलेलं कर्ज पहिली दोन वर्षं खातं. काम सुटलं तर दाखल्यावरचं उत्पन्न वर्षभर तसंच राहतं आणि माणूस गावी हात हलवत बसलेला असतो. गरज मोजायची असेल तर पूर्ण मोजा.

सळई पुण्याची आणि सळई दुबईची

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतात त्यातून ते चालतं. नोंदणी झालेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी रक्कम मिळते. इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,०००, वैद्यकीयला एक लाख. फार चांगली योजना आहे. पण नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं.

आता जो माणूस पुण्यात दहा वर्षं सळई बांधत होता, तो दुबईला आला. इथेही सळईच बांधतो, वर्षातले तीनशे दिवस, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर. पण ते ९० दिवस महाराष्ट्रातले नाहीत. नोंदणी गेली, मुलाचे साठ हजार गेले. मग गावात कोणीतरी सांगतो, "ठेकेदाराचा शिक्का मिळवून देतो, ९० दिवस दाखवू." पुन्हा तोच खोटेपणाचा रस्ता. सरळ रस्ता नसला की लोक आडवाटेने जातात, आणि पकडला जातो तो आडवाटेने गेलेला, वाट बंद करणारा नाही.

यावर उपाय अवघड नाही. जो कामगार नोंदणीत होता आणि परदेशी गेला, त्याला वर्षाला ठरावीक वर्गणी भरून सदस्यत्व चालू ठेवू द्या. तिकडच्या ९० दिवसांऐवजी इथलं लेबर कॉन्ट्रॅक्ट आणि पगाराचं स्टेटमेंट धरा. केरळने अशी वाट काढलेली आहे. तिथे प्रवासी केरळीयांसाठी १९९६ साली स्वतंत्र विभाग झाला, २००८ च्या कायद्याने प्रवासी कल्याण मंडळ झालं. परदेशात काम करणारा मल्याळी दर महिन्याला वर्गणी भरतो आणि त्याला पेन्शन मिळतं, मुलांच्या शिक्षणालाही मदत मिळते. आमच्या साइटवरचे मल्याळी मेसन त्याचं कार्ड पाकिटात ठेवतात. मराठी माणसाच्या पाकिटात काय असतं? घरच्यांचा फोटो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, परदेशातल्या कामगाराच्या उत्पन्नाचा दाखला कुठल्या कागदांवर द्यायचा याचं एक स्पष्ट परिपत्रक काढा, आणि ते प्रत्येक तहसीलच्या भिंतीवर लावा. दोन, उत्पन्नाच्या मर्यादा दर दोन-तीन वर्षांनी महागाईप्रमाणे वाढवा, आणि विनिमय दरामुळे फुगलेलं उत्पन्न खरं वाढलेलं धरू नका. तीन, बांधकाम मंडळाचं सदस्यत्व परदेशी गेल्यावरही चालू ठेवू द्या. चार, बापाच्या सहीसाठी वकिलातीत जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी खास खिडकी ठेवा. आपली रविवारची सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकच पडली तर आपण जायचं कधी?

ही भीक नाही

शेवटचं. काही जण म्हणतात, "साहेब, कमावतो मी, सरकारची मदत कशाला घेऊ? लोक काय म्हणतील?" त्यांना सांगतो. ज्या राजाच्या नावाने ही फी सवलत आहे, त्या शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात सगळ्या जाती-धर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडली आणि उघडायला मदत केली. तिथे राहून शिकलेल्या पोरांना कोणी भिकारी म्हटलं नाही. त्या पोरांनी पुढे महाराष्ट्र घडवला. शिष्यवृत्ती घेणं म्हणजे समाजाने टाकलेली पायरी चढणं. खोटा दाखला दिला तरच मान खाली घालायची वेळ येते. खऱ्या दाखल्याने मागताना ताठ उभं राहायचं.

आणि जे माझ्यासारखे सुपरवायझर, टाइमकीपर, ऑफिसबॉय आहेत, ज्यांना कॉम्प्युटर येतो, त्यांना एक विनंती. प्रत्येक कॅम्पात मे ते सप्टेंबर शुक्रवारी संध्याकाळी एक तास द्या. सॅलरी सर्टिफिकेटचा मसुदा लिहून द्या, घरी फोन लावून वहिनींना कागदांची यादी सांगा, मुलाला पोर्टलवर अर्ज कुठे पोहोचला ते बघायला सांगा. कामगाराची सही आणि आपला एक तास, एवढ्यावर एका घराचे वर्षाचे ५४,००० रुपये व्याज वाचतं. कॅम्पातल्या व्याजवाल्याला थोडं वाईट वाटेल, ते वाटू दे.